न फोडता आत पाहण्याची विद्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला विषय कोणता घ्यावा, हे कार्यकारिणीने माझ्यावरच सोपविले. आरोग्य, स्वयंपाक, बचत, मुलांचे संगोपन यांवर आपल्याकडे दरवर्षी चांगली व्याख्याने होतात. मी बरीच वर्षे शाळेत शास्त्र शिकविले. तेव्हा माझ्या तोंडून शास्त्राचेच काही ऐकावे लागणार, अशी आपली तयारी असेलच. आज मी एका विद्येची ओळख करून देणार आहे. बंद वस्तू न उघडता, न कापता, न फोडता तिच्या आत काय आहे ते सर्व बाजूंनी पाहावयाचे, अशी ही विद्या आहे. तिचे साधन म्हणजे न्यूट्रॉन नावाचा अतिसूक्ष्म कण. नाव ऐकून कोणी बिचकू नये. चूल आणि देवघर सांभाळणाऱ्या बाईला समजणार नाही असे यात काही नाही.

वस्तू न फोडता तिचे अंतरंग ओळखणे हे आपण रोजच करतो. बाजारात कलिंगड घेताना बोटाने वाजवून पाहतो. नारळ कानाशी धरून हलवितो. माठाला टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर परत ठेवतो. आणि आपला जिल्हा तर गोरोबाकाकांचा. तेरला संतमंडळी जमली असता त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके थोपटून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही परंपरेने चालत आलेली कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. तिच्यातील अध्यात्म मोठे आहेच. पण कुंभाराची कसोटीही ध्यानात घेण्यासारखी आहे. मडके पक्के की कच्चे हे तो ठोकून पाहतो, फोडून नव्हे. फोडून परीक्षा केली तर उत्तर मिळेल, पण मडके उरणार नाही.

टिचकीने माठाला चीर आहे एवढे कळते. ती कोठे आहे आणि किती खोल आहे हे कळत नाही. त्यासाठी डोळ्यांना दिसावे लागते. ते काम प्रथम क्ष-किरणांनी केले. १८९५ साली जर्मनीत राँटगेन या शास्त्रज्ञाने त्यांचा शोध लावला. मूल झाडावरून पडले, हात सुजला, की आपण दवाखान्यात जाऊन फोटो काढतो आणि हाड मोडले की नुसते मुरगळले ते समजते. मांसातून हे किरण सहज पार होतात, हाडाशी काहीसे अडतात, म्हणून हाडाची सावली उमटते.

परंतु जड धातूपुढे क्ष-किरणांचे फारसे चालत नाही. फोटो काढणारा मनुष्य अंगावर शिशाचा अंगरखा घालतो तो याचसाठी, की शिसे त्या किरणांना अडविते. आता एक पितळेचा जाड डबा डोळ्यांपुढे आणा. त्याचे झाकण डाक देऊन कायमचे बंद केले आहे. आत थोडे तेल आहे, कापडाची एक पुरचुंडी आहे आणि कागदाची सुरळी आहे. साध्या क्ष-किरणांनी फोटो काढला तर डब्याची सावली ठळक उमटेल. तेल, कापड आणि कागद यांचा मागमूस लागणे कठीण. म्हणजे जे आपल्याला पाहावयाचे तेच दिसत नाही, आणि जे बाहेरून दिसतेच आहे तेवढे पुन्हा दिसते.

येथे न्यूट्रॉन उपयोगी पडतो. प्रत्येक अणूच्या मध्यभागी एक अणुगर्भ असतो आणि त्याभोवती इलेक्ट्रॉन असतात. अणुगर्भात प्रोटॉन व न्यूट्रॉन असे दोन जातींचे कण असतात. त्यांपैकी न्यूट्रॉनवर विजेचा भार नसतो. १९३२ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे जेम्स चॅडविक यांनी तो शोधून काढला आणि १९३५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. क्ष-किरण अणूतील इलेक्ट्रॉनांशी अडखळतात. जितका धातू जड तितके त्यात इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून तितका अडथळाही जास्त. न्यूट्रॉनला मात्र या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीची पर्वा नाही. तो थेट अणुगर्भाशी गाठ पडली तरच अडतो किंवा वळतो. आणि अणुगर्भांचे स्वभाव निरनिराळे आहेत. शिशाचा गर्भ मोठा असूनही न्यूट्रॉनला बराचसा जाऊ देतो. हायड्रोजनचा गर्भ सर्वांत लहान. पण तो न्यूट्रॉनला हमखास थोपवून इकडेतिकडे फेकतो. एक इंच जाडीच्या शिशातून अशा मंदगती न्यूट्रॉनांचा बराच मोठा वाटा सरळ पार जातो. तेवढ्याच पाण्याच्या थरातून एखादाच सरळ सुटतो.

आता हायड्रोजन कोठे कोठे असतो ते पाहा. पाणी, तेल, मेण, लाकूड, कागद, कापूस, कातडे, डिंक, प्लॅस्टिक, धान्याचा दाणा या साऱ्यांत तो भरपूर असतो. म्हणून त्या पितळी डब्याचे न्यूट्रॉनांनी चित्र घेतले तर डबा अंधुक होतो आणि आतले तेल, कापड, कागद ठळक दिसू लागतात. क्ष-किरण जेथे थांबतात तेथे न्यूट्रॉन पुढे जातात. न्यूट्रॉन जेथे थांबतात तेथे क्ष-किरण पुढे जातात. दोघांत थोरला-धाकटा कोणी नाही. जाणते लोक दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहतात.

पण हे न्यूट्रॉन आणावयाचे कोठून? ते अणुगर्भात घट्ट बांधलेले असतात. मोठ्या प्रमाणावर ते मोकळे होतात ते अणुभट्टीत, युरेनियमचा गर्भ फुटतो तेव्हा. अणू म्हटले की आपल्याला हिरोशिमा आठवते, आणि ते विसरूही नये. परंतु चुलीतील विस्तवाने घरही जळते आणि भाकरीही भाजते. भाकरी भाजण्याचा हा प्रकार आपल्या महाराष्ट्रातच, मुंबईजवळ तुर्भे येथे, फार लवकर सुरू झाला. डॉ. होमी भाभा यांच्या मार्गदर्शनाखाली उभारलेली आशियातील पहिली अणुभट्टी तेथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. पाण्याने भरलेल्या खोल हौदात तिचा गाभा टांगलेला असे आणि चालू असताना पाण्यात निळसर प्रकाश दिसे. पंडित नेहरूंनी तिचे नाव ‘अप्सरा’ असे ठेवले. या अप्सरेच्या न्यूट्रॉन-झोतावर आपल्या शास्त्रज्ञांनी वस्तूंची अंतरंगचित्रे घेण्याचा अभ्यास केला. २००९ साली ती निवृत्त झाली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तिच्याच जागी नवी, अधिक शक्तीची अप्सरा सुरू झाली. मधल्या काळात, १९८५ साली, तुर्भे येथेच ‘ध्रुव’ ही मोठी अणुभट्टी कार्यान्वित झाली होती. वस्तूंची न्यूट्रॉन-चित्रे घेण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने या ध्रुववर स्वतंत्र सोय उभारली आहे. तेथे सपाट चित्रेही घेतात आणि आज ज्यांच्याविषयी मी विशेषेकरून बोलणार आहे ती त्रिमिती चित्रेही घेतात.

त्रिमिती म्हणजे लांबी, रुंदी आणि खोली या तिन्ही अंगांनी. नुसत्या एका सावलीत खोली नसते. दिव्यापुढे ताट आडवे धरले तर भिंतीवर एक रेघ उमटते. उभे धरले तर वर्तुळ उमटते. तेव्हा वस्तूचा खरा आकार कळावयाचा तर ती फिरवून फिरवून तिच्या अनेक सावल्या पाहिल्या पाहिजेत. प्रयोगशाळेत नेमके हेच करतात. भट्टीच्या जाड भिंतीतून एका नळीवाटे न्यूट्रॉनांचा सरळ झोत बाहेर काढतात. त्याच्या वाटेत एका फिरत्या पाटावर वस्तू ठेवतात. वस्तूमागे एक पडदा असतो. त्यावर न्यूट्रॉन आदळला की तो तेथे किंचित चमकतो. तिरप्या आरशातून ही चमक बाजूला वळवितात आणि झोताच्या वाटेबाहेर ठेवलेला कॅमेरा तिचे चित्र टिपतो. मग पाट अगदी थोडासा फिरवितात आणि पुन्हा चित्र घेतात. असे करीत अर्धा फेरा पुरा होईपर्यंत शेकडो चित्रे जमतात. या सर्व सावल्या एकत्र करून संगणक गणिताने वस्तूची एकेक चकती तयार करतो. आपण बटाट्याच्या चकत्या करतो तशाच. फरक एवढाच, की येथे सुरी चालत नाही आणि बटाटा अखंड राहतो. चकत्या एकावर एक रचल्या की पडद्यावर पूर्ण वस्तू उभी राहते. ती हवी तेथे कापून पाहावी आणि पुन्हा जोडावी. मूळ वस्तूला ओरखडाही पडत नाही.

सावल्यांवरून चकती बनविण्याच्या गणितातही भारतीयांचा वाटा आहे, हे मुलींना अवश्य सांगावे. प्रो. गो. ना. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन् यांनी १९७१ साली या कामाची एक सोपी आणि जलद रीत प्रसिद्ध केली. दवाखान्यातील सी. टी. स्कॅनलाही तिचा मोठा उपयोग झाला.

या विद्येने प्रत्यक्ष काय साधले, याची तीनचार उदाहरणे देते.

पहिले उदाहरण आपल्याच देशातील. अवकाशयानाचे भाग योग्य क्षणी सुटे करण्यासाठी धातूच्या छोट्या नळ्यांत स्फोटक द्रव्य भरलेले असते. ते नीट भरले आहे की मध्ये पोकळी राहिली आहे, हे कसे पाहावे? दिवाळीचा फटाका वाजेल की फुसका निघेल हे वाजविल्यावाचून कळत नाही, आणि वाजविला की तो संपला. तामिळनाडूत कल्पाक्कम येथे १९९६ साली सुरू झालेली ‘कामिनी’ ही लहानशी अणुभट्टी आहे. तेथे न्यूट्रॉन-चित्रे घेऊन असल्या वस्तूंची पारख करतात. धातूची नळी अंधुक दिसते आणि आतली पूड स्पष्ट दिसते.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये प्राचीन इजिप्तमधील तांब्याच्या मिश्रधातूच्या सहा लहान पेट्या आहेत. त्यांवर सरडा-पालींच्या जातीचे प्राणी आणि वाम मासा यांच्या आकृत्या बसविलेल्या आहेत आणि त्या हजारो वर्षे मोहोरबंद आहेत. क्ष-किरणांनी त्यांच्या आतले नीट दिसले नव्हते. ऑक्सफर्डशायर येथील न्यूट्रॉन-केंद्रात त्यांची त्रिमिती चित्रे घेतली गेली आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथे अणुभट्टी नसून वेगवान प्रोटॉनांचा मारा धातूवर करून न्यूट्रॉन मिळवितात. आत प्राण्यांची बारीक हाडे निघाली, सरडा-पालीच्या कुळातील एका प्राण्याची कवटी निघाली आणि लिननच्या कापडाचे अवशेष निघाले. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचे कापड. आपण ज्या जवसाची चटणी करतो त्याच झाडाच्या धाग्यात त्या लोकांनी तो जीव गुंडाळून ठेवला असावा. पेटी मात्र एकही उघडावी लागली नाही.

तिसरे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते, कारण त्यात देवघराचा प्रश्न आहे. तिबेट व हिमालयाच्या प्रदेशात बुद्धाच्या धातूच्या मूर्ती पोकळ ओतण्याची रीत आहे. मंत्र लिहिलेल्या कागदाच्या सुरळ्या, लाकूड, धान्य अशा पवित्र वस्तू आत भरून तळाला पत्रा लावून मूर्ती बंद करतात. एकदा प्रतिष्ठा झाली की ती उघडणे म्हणजे पावित्र्यभंग. अभ्यासकाला आत काय आहे हे पाहावयाचे आहे; भक्ताला मूर्ती उघडू द्यावयाची नाही. दोघांचेही म्हणणे रास्त. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत अशा काही मूर्तींची न्यूट्रॉन-चित्रे घेतली गेली, आणि तळाचा पत्रा न काढता आतल्या वस्तूंची मांडणी दिसली. जिज्ञासा आणि श्रद्धा यांचे भांडण प्रत्येक वेळी व्हावेच लागते असे नाही.

चौथे उदाहरण आपल्या शेताचे आहे. जर्मनी व स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी ल्युपिन नावाच्या, कडधान्याच्या कुळातील रोपाच्या मुळांची मातीसकट न्यूट्रॉन-चित्रे घेतली; त्यांचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. मूळ उपटून पाहिले तर माती गळते आणि पाणी कोठे होते ते कळत नाही. येथे रोप जागच्या जागी राहिले आणि पाणी दिसले. माती सुकत असताना मुळाच्या लगतच्या मातीत दूरच्या मातीपेक्षा अधिक ओल होती. उलट पुन्हा पाणी दिल्यावर तीच लगतची माती काही काळ कोरडी राहिली. मुळातून एक चिकट द्रव पाझरतो. सब्जाचे बी पाण्यात फुगते तसा तो ओल धरून ठेवतो, पण एकदा वाळला की लवकर भिजत नाही. पावसाचा खंड पडला की तुरीच्या आणि हरभऱ्याच्या रोपाकडे आपण कोणत्या काळजीने पाहतो, हे या जिल्ह्यात मी कोणाला सांगावे? पाणी मुळाशी नेमके कसे पोहोचते हे समजून घेणे म्हणजे आपल्या पोटापाण्याचाच अभ्यास होय.

या विद्येच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर ते अर्धवट ज्ञान होईल. माणसाच्या शरीरात पाणी फार. न्यूट्रॉन त्यात अडकतात आणि शरीराला इजाही करतात, म्हणून माणसाच्या तपासणीसाठी ही रीत नाही. झोताची रुंदी थोडी असल्याने फार मोठी वस्तू एकदम मावत नाही. अणुभट्टी गावोगाव नेता येत नाही, वस्तूच तिच्यापाशी न्यावी लागते. शिवाय न्यूट्रॉन शोषून काही धातू थोडा काळ किरणोत्सर्गी होतात. तांब्यातील हा परिणाम बराचसा काही दिवसांत ओसरतो. चांदीतील काही अंश मात्र महिनोन् महिने टिकू शकतो. म्हणून झोत किती वेळ द्यावयाचा हे आधी हिशेब करून ठरवितात, आणि वस्तू तपासून, निर्धोक झाल्याची खात्री पटल्यावरच परत करतात.

आता आपल्या दाराशी येऊ. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचे नाव येते. येथून तलम आणि जाडेभरडे कापड भडोचच्या बंदराकडे जात असे. तेरच्या कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळालेल्या पुरातन वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि त्या संग्रहातून आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्यात हस्तिदंती बाहुली आहे, मणी आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, भाजक्या मातीच्या सुरेख मूर्ती आहेत. सातवाहन काळातील अशा कित्येक मूर्ती दोन साच्यांत दोन अर्धे दाबून, मग जोडून, आतून पोकळ केलेल्या असत. ज्या कारागिराने, कदाचित कारागिरणीने, त्या ओल्या मातीवर अंगठा दाबला त्याचा ठसा आतल्या बाजूला राहतो. बाहेरून तो दिसत नाही. मूर्ती फोडल्यावाचून तो पाहण्याची सोय आज जगात आहे, आणि तिच्यासाठी परदेशाची वाट धरण्याचीही गरज नाही. तुर्भे आपल्याच राज्यात आहे.

परंतु ही सोय कोणाच्या उपयोगी पडणार? जी वस्तू अखंड उरली असेल तिच्या. आणि वस्तू अखंड राहणे हे शास्त्रज्ञांच्या हातात नाही, ते आपल्या हातात आहे. जुन्या पांढरीची माती शेतात टाकण्यासाठी किंवा सारवण्यासाठी खणतात, घराचा पाया काढतात, विहिरीचा गाळ उपसतात, तेव्हा एखादे तोंडबंद गाडगे, एखादी गंजलेली डबी, एखादी हिरवी पडलेली मूर्ती हाती येते. पहिला विचार मनात येतो तो सोन्याचा. गाडगे दगडाने फोडतात. मूर्ती चिंच लावून, राखेने घासून लख्ख करतात, किंवा ती भरीव आहे की पोकळ हे पाहण्यासाठी कानशीने कोपरा घासतात. मोडीच्या भावाने ती विकलीही जाते. गाडग्यातली माती उकिरड्यावर जाते. त्या मातीतच कापडाचा धागा, धान्याचा दाणा, तेलाचा अंश असतो. ज्याला आपण घाण म्हणून धुतो तेच न्यूट्रॉनांना सर्वांत ठळक दिसते.

रोजच्या पूजेची उपकरणी चिंचेने घासावीत, त्याला कोणाची हरकत नाही. मात्र जमिनीतून निघालेली वस्तू घासू नये, धुऊ नये, उघडू नये. सापडली तशी, भोवतीच्या मातीसकट, मऊ कापडात ठेवावी. कोठे आणि किती खोल सापडली ते मुलांकडून कागदावर लिहून घ्यावे. मग तलाठ्याला किंवा तहसील कचेरीत कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे भूमिगत मौल्यवान ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे, आणि कळविणाऱ्याचा हक्कही त्या कायद्याने मानला आहे. लपविल्याने मात्र तो हक्क जातो. तेव्हा भीतीने वस्तू पुरून टाकण्याचे किंवा रातोरात विकण्याचे काही कारण नाही.

घरातल्या गोष्टींनाही हाच नियम लावावा असे मला वाटते. आजेसासूबाईंचा डाक देऊन बंद केलेला ताईत असेल, हलविली की आत काही खुळखुळते अशी पितळी मूर्ती असेल. आज तिच्या पोटात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसेल. न समजलेली वस्तू काही वर्षे तशीच सांभाळणे हेही ज्ञानाचेच काम आहे. आपल्या नातींना कदाचित आपल्यापेक्षा अधिक चांगली साधने मिळतील. त्यांच्या हाती द्यावयास वस्तू मात्र शाबूत हवी.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. यंदा हळदीकुंकवाच्या निमित्ताने सर्वांनी मिळून तेरचे संग्रहालय पाहावयास जावे. बरोबर शाळेतल्या मुली न्याव्यात. त्यांच्यापैकी एखादीला तरी त्या मूर्तींच्या आत काय असेल असा प्रश्न पडावा आणि तो घेऊन तिने पुढे शास्त्र शिकावे. आपल्या जिल्ह्यातील एखादी मुलगी उद्या तुर्भ्याच्या त्या फिरत्या पाटावर आपल्याच मातीतली वस्तू ठेवील, अशी आशा मी बाळगते.